७२ सेंटिमीटरवरचा गांधार

मे महिन्यात भाची राहायला आली होती. ती गाण्याच्या क्लासला जाते, दोन परीक्षाही दिल्या आहेत. येताना दप्तराएवढा कीबोर्ड सोबत आणला, कारण क्लासात त्यावरच सूर धरून शिकवतात. तंबोरा तिथेही आहे, पण गवसणी घातलेला, कपाटावर. आमच्या घरचा तंबोरा मी तिच्या कीबोर्डच्या काळी पाचला लावून घेतला आणि आम्ही दोघी भूपाचे आरोह-अवरोह म्हणायला बसलो. सा जुळला, रे झाला. गांधारावर आल्यावर तिने सवयीने पट्टी दाबून धरली, थोडे ऐकले आणि हात उचलला. म्हणाली, "मावशी, तुझा तंबोरा बेसूर आहे गं. गांधार डोलतोय."

गांधार डोलत होता हे खरे. अकरा वर्षांच्या मुलीला ते ऐकू आले याचा मला अभिमान वाटला. पण दोन वर्षे गाणे शिकलेल्या मुलीने तंबोरा आणि कीबोर्ड यांच्यात कीबोर्ड खरा मानावा, हे मला फार लागले. म्हणून हे लिहिते आहे.

तंबोऱ्यात गांधाराची तार नसतेच. पंचम, दोन जोड आणि खर्ज, चारच तारा. मग गांधार येतो कुठून? खर्जाची तार छेडली की ती सबंध लांबीने हलते आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही हलते. हिशेब सोपा जावा म्हणून मधला षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. मग खर्ज १२०चा. त्याची दुप्पट २४०, म्हणजे मधला सा. तिप्पट ३६०, तो पंचम. चौपट ४८०, तार षड्ज. आणि पाचपट ६००, तो तार सप्तकातला गांधार, कोणीही न छेडलेला. गवई याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो एक सप्तक खाली आणला की ३००. चाराला पाच, इतके सरळ ते गुणोत्तर आहे. पंचमाचे दोनाला तीन, मध्यमाचे तिनाला चार, गांधाराचे चाराला पाच.

कीबोर्डचा गांधार या हिशेबाने ३००चा नसतो, ३०२.३८चा असतो. त्याच्या पोटातली दुप्पट ६०४.७६ येते. ती तंबोऱ्याच्या ६०० शेजारी वाजली की दोन्ही लाटा सेकंदाला जवळजवळ पाच वेळा एकमेकींना बळ देतात आणि पाच वेळा एकमेकींना खाऊन टाकतात. भाचीने ऐकले ते डोलणे हेच. तंबोरा लावताना आपण जोडाच्या दोन तारांत हेच डोलणे ऐकतो आणि ते मंदावत मंदावत थांबेपर्यंत मणी सरकवत राहतो. थांबले की सूर मिळाला असे म्हणतो. सूर मिळणे या शब्दाला इतका नेमका, मोजता येणारा अर्थ आहे.

कीबोर्डचा हा खोटेपणा कोणाच्या निष्काळजीपणाने आलेला नाही. त्याच्या मुळाशी अंकगणितातली एक अडचण आहे आणि ती चौथीतल्या मुलालाही समजेल. षड्ज-पंचम भावाने स्वर काढत जाऊ: साचा पंचम, त्या पंचमाचा पंचम, पुन्हा त्याचा पंचम. दर पायरीला दीडपट. अशा बारा पायऱ्या चढलो की बाराही स्वर हाती येतात आणि आपण पुन्हा षड्जाच्या दारात येतो. दारातच, आत मात्र जाता येत नाही. बारा वेळा दीडपट केली की १२९.७५ पट होते. सात सप्तके चढून मिळणारा षड्ज १२८ पटीवर बसलेला असतो. आणखी चढत राहिलो तरी ही फट कधीच मिटत नाही, कारण पंचमाच्या वाटेने तिनाचे गुणाकार येतात आणि सप्तकाच्या वाटेने दोनाचे. तिनाला तिनाने कितीही वेळा गुणा, संख्या विषमच राहते. दोनाला दोनाने गुणा, ती समच राहते. विषम आणि सम यांची गाठ पडायची नाही. ही एवढीशी सिद्धता मला गणितातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, आणि ती तारेवर कानाने ऐकता येते.

यावर काढलेली एक तोड म्हणजे ती फट सगळ्या स्वरांत सारखी वाटून टाकणे. चीनमधल्या मिंग घराण्यातल्या चू त्साय-यू या राजपुत्राने १५८४ साली हा हिशेब छापला. युरोपात सिमॉन स्टेव्हिनने थोड्याच वर्षांत तो स्वतंत्रपणे मांडला. दोनाचे बारावे मूळ काढायचे, १.०५९४६, आणि प्रत्येक पुढचा स्वर मागच्याच्या तितकेपट ठेवायचा. बारा पावलांत बरोबर दुप्पट होते. युरोपीय संगीतात एकाच रचनेत षड्ज बदलत जातो, एकाच वेळी अनेक स्वर वाजतात, आणि पियानोच्या तारा काही मैफलीच्या मध्यात पुन्हा लावता येत नाहीत. त्यांच्या गरजेला ही तोड चोख आहे; कोणत्याही पट्टीत वाजवा, चूक सारखीच. मात्र चूक सर्व स्वरांच्या वाट्याला सारखी येत नाही. पंचमाच्या वाट्याला नगण्य येते, ३६०चा ३५९.५९ होतो. गांधार, धैवत, निषाद यांना जबर किंमत मोजावी लागते: ३००चा ३०२.३८, ४००चा ४०३.६३, ४५०चा ४५३.०६. जे स्वर आपल्या भूपाचे, यमनाचे प्राण, नेमके तेच.

हे पूर्व-पश्चिमेचे भांडणही नव्हे. स्वरसंवादाचे शास्त्र १८६३ साली आपल्या ग्रंथात मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांना हा सारख्या वाटणीचा गांधार रुचत नसे. त्यांनी शुद्ध गुणोत्तरांत लावलेली हार्मोनियम मुद्दाम करवून घेतली होती.

आकडे सांगून भाचीला काही पटले नसते. म्हणून माळ्यावरची एक फळी काढली, दोन टोकांना खिळे ठोकले, तंबोऱ्याची उरलेली पोलादी तार ताणली आणि दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या अशा ठेवल्या की मधली मोकळी तार बरोबर ९० सेंटिमीटर भरावी. तिसरी पट्टी सरकती. ९० निवडले कारण त्याला बहुतेक सगळे भागाकार सुखाने जातात. निम्म्यावर, ४५वर, तार षड्ज. ६०वर पंचम. ६७.५वर मध्यम. ८०वर रिषभ. ७२वर गांधार, पाचांतले चार भाग. मग तिला कीबोर्डचा गांधार ऐकून पट्टी तिथे न्यायला सांगितले. हिशेबाने तो ७१.४३ला येतो, तिची पट्टी साडेएकाहत्तरच्या आसपास थांबली. दोन खुणांमधले अंतर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त होते. पेन्सिलीच्या दोन खुणा कशा एकमेकींपासून वेगळ्या उमटतात हे तिने स्वतः पाहिले. पंचमाला तसे करून पाहिले, तर दोन खुणा एकमेकींवर पडल्या. तिथला फरक एक मिलिमीटरही नाही. "मग पंचमाला काहीच होत नाही, फक्त गांधाराचंच का?" असे तिने विचारले. या प्रश्नासाठी मी दुपारभर फळी घासायलाही तयार झाले असते.

संगीतशास्त्राच्या आपल्या क्रमिक पुस्तकांत ३६ इंचांची तार असते. निम्म्यावर १८ इंचांवर तार षड्ज, २४वर पंचम, २७वर मध्यम. अहोबल, श्रीनिवास यांची नावे, सतरावे शतक. परीक्षेला बसणारी मुले ही तार वहीत काढतात, आकडे पाठ करतात, दहा गुणांचे उत्तर लिहितात. प्रत्यक्ष तार ताणलेली आणि त्यावर २७ इंचांशी मध्यम ऐकलेला विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. अहोबलाने वीणेच्या तारेवर स्वरांच्या जागा लिहिल्या त्या कोणीतरी तिथे बोट ठेवून ऐकाव्यात म्हणूनच.

आपल्या कारागिरांनी या आकड्यांचा जो पाठलाग केला आहे तो थक्क करणारा आहे, आणि त्यांच्या हातात मोजपट्टी नव्हती. मिरजेतल्या सतारमेकरांच्या दुकानात जवारी लावताना पाहावे. पंढरपूरकडच्या भोपळ्याचा तंबोरा मांडीवर, घोडीवर तार, तारेखाली सुताचा धागा. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला किंचित उतार असतो. तार एका कडेवर टेकून राहत नाही, हलताना त्या उताराला चाटत, सुटत, पुन्हा चाटत राहते. धागा केसभर सरकला की आवाज उघडतो, आणखी केसभर सरकला की मिटतो. या चाटण्यामुळे तारेतली शक्ती मूळ नादातून वरच्या नादांकडे सतत ढकलली जाते, आणि म्हणून पाचवा नाद, गांधार, इतका फुलून ऐकू येतो. माझ्या फळीवरच्या साध्या पट्टीवर तीच तार कोरडी वाजत होती. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना दाखवले की तार जिथे छेडली तिथे ज्या नादांनी मुके राहायला हवे, तेही या घोडीमुळे बोलतात. पुस्तकातला नियम या घोडीने मोडला होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहे. पण मानांकन मिळालेली वस्तू गवसणीत राहिली तर जवारी लावणारा हात आणखी किती वर्षे टिकेल?

तबल्यावरचे काम तर याहून अवघड. तारेच्या पोटात पूर्णांक निसर्गानेच ठेवलेले असतात, एकास दोन, एकास तीन. ताणलेल्या गोल चामड्यात ते नसतात. साध्या चामड्याचे वरचे नाद मूळ नादाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून ढोलाला ठाम सूर सापडत नाही. तबल्याच्या पुडीवर लोहभुकटी आणि खळ यांची शाई थरावर थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटत, मधे जाड आणि कडेला पातळ अशी बसवली की तेच नाद दुपटीवर, तिपटीवर, चौपटीवर येऊन बसतात. तबला षड्जात लावता येतो तो यामुळे. रामन यांनी १९२० साली आपल्या एका सहकाऱ्यासह 'नेचर' या नियतकालिकात हे जगाला सांगितले आणि १९३४ साली विस्ताराने पुन्हा लिहिले. जवारी तारेत दडलेल्या पूर्णांकांना वाट करून देते. शाई, जिथे पूर्णांक नव्हतेच, तिथे ते घडवते. ज्याने पहिल्यांदा चामड्यावर शाईचा ठिपका दिला असेल त्याचे नाव आपल्याकडे नाही. त्याचा कान मात्र प्रत्येक तबल्यात शिल्लक आहे.

आता माझे भांडण आपल्याच माणसांशी आहे. श्रुतींचा विषय निघाला की आपल्याकडे बावीस अपूर्णांकांचा तक्ता पुढे येतो आणि त्याला वेदवाक्याचे वजन दिले जाते. भरताने नाट्यशास्त्रात एकही अपूर्णांक दिलेला नाही. त्याने प्रयोग दिला आहे: दोन वीणा घ्या, दोन्ही सारख्या लावा, एक तशीच ठेवा, दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवा, मग बाकीचे स्वर त्याच्याशी जुळवा, आणि पुढे कोणता स्वर कोणात मिसळतो ते ऐका. न्याय करायचा तो कानाने. ती पहिली श्रुती आजच्या हिशेबात बसवली तर ऐंशीला एक्क्याऐंशी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि ती आपल्याला सहज भेटते. मध्यमाचा गांधार म्हणून धैवत काढला तर तो ४००वर येतो. रिषभाचा पंचम म्हणून काढला तर ४०५वर. माझ्या फळीवर एक ५४ला, दुसरा ५३.३३ला. दोन्ही खरे, दोघांच्या आईबापांची नावे वेगळी. याच फरकापाशी भरत दोन वीणा घेऊन बसला होता.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी मनापासून झटलेली माणसे होती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक काढले. तारेवर स्वर मोजताना त्यांच्यापुढे अब्दुल करीम खाँसाहेब गायले. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, श्रुतींची हार्मोनियम तयार झाली, आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला. आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजवणारी पेटी घडवली. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे, कारण ते तारेशी, पात्याशी, गळ्याशी झुंजले. पण तक्ता हाती आला म्हणून राग हाती आला असे होत नाही. १९६३ साली नाझीर जयराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी गायन-वादनातले स्वर यंत्राने मोजले. त्यात स्वराची जागा कलावंतागणिक आणि एकाच कलावंताकडेही हललेली सापडली. दरबारीतला आंदोलित कोमल गांधार कोणत्या एका अपूर्णांकावर उभा करणार? गळा खुंटीला बांधलेला नाही. स्वयंभू गांधार हे त्याचे घर आहे. तिथून किती लांब जायचे आणि कधी परतायचे, हे राग ठरवतो. घर ठाऊकच नसेल तर लांब जाणे आणि वाट चुकणे यांतला फरक ऐकणाऱ्याला कळणार कसा?

पेटीला दोष देणे हा यावरचा उपाय नव्हे, आणि तो करून झाला आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. तीस वर्षे. गोविंदराव टेंबे, विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर यांच्या बोटांनी ज्या वाद्याला गायला शिकवले, त्याला सरकारी हुकमाने गप्प बसवणे हा अन्याय होता असे मी स्पष्ट म्हणते. पेटीने ख्याल, नाट्यगीत, भजन घराघरात पोचवले. साथीला बसलेला जाणता पेटीवाला गवयाच्या लांब गांधारावर पट्टी दाबून राहत नाही. तो स्वराला स्पर्श करतो आणि बाजूला होतो. त्याला ते डोलणे ऐकू येते म्हणूनच. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. पेटी वाजवणाऱ्याचा कान तंबोऱ्यावर तयार झालेला असतो तेव्हा पेटी निर्मळ होते. आज क्रम उलटला आहे. कान पट्टीवर तयार होतो आणि तंबोरा आला तर शेवटी येतो, मैफलीत मागे शोभेला.

क्लास चालवणाऱ्यांची अडचण मला माहीत आहे. पंधरा मुले, पन्नास मिनिटांचा तास. तंबोरा लावण्यात दहा मिनिटे गेली तर पालक विचारतात की आज नवीन काय शिकवले. त्यांना सांगावे की ही दहा मिनिटे म्हणजेच आजचा धडा. एक मूल मणी सरकवेल, बाकीचे चौदा डोलणे थांबले की हात वर करतील. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत रागांची संख्या एकने कमी करावी आणि तंबोऱ्याचे जोड लावून दाखवणे हा विषय घालावा. पेटी, कीबोर्ड दुसऱ्या वर्षी खुशाल येऊ देत. घरी तंबोरा परवडत नसेल तर मोबाइलवरचा तंबोराही चालेल, फक्त कानाला चांगले हेडफोन असू द्यावेत, कारण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचा खालचा नाद जवळजवळ निघतच नाही.

आणि गणिताच्या शिक्षकांनाही माझे सांगणे आहे. गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना फळ्यावर आंबे आणि मजूर येतात, त्यांचे काय चुकले आहे? काही नाही. पण दोनास तीन हे गुणोत्तर कानाला गोड लागते आणि त्याच्या शेजारचे वेडेवाकडे गुणोत्तर कानाला टोचते, हे मुलाने एकदा ऐकले तर पूर्णांक ही काय चीज आहे हे त्याला परीक्षेनंतरही आठवेल. संगीताचा तास आणि गणिताचा तास एकाच शाळेत, एकाच मजल्यावर भरतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. फळी कुठेही सापडते, खिळे आणि तार हार्डवेअरच्या दुकानात मिळते, मोजपट्टी प्रत्येक दप्तरात आहे. तार ९० सेंटिमीटर ताणायची आणि ७२वर पेन्सिलीने एक खूण करायची.